चौदा पौंडांची शाळा आणि काडेपेटीएवढी पुस्तकं: हॉवर्थची एक फेरी

लीड्सहून स्किप्टनकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की साधारण अर्ध्या तासात उतरायचं स्टेशन येतं. त्याचं स्पेलिंग वाचून कोणीही ‘कीघली’ म्हणेल. तिथली माणसं ‘कीथली’ म्हणतात, आणि तिकीट मागताना तसंच म्हणावं. इथून हॉवर्थला, म्हणजे ब्राँटे या इंग्रजी लेखिका बहिणींच्या गावाला, दोन वाटा आहेत. त्याच स्टेशनातून वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे सुटते. तिचा मार्ग पाच मैलांचा आहे, 1968 पासून हौशी स्वयंसेवक ती चालवतात आणि हॉवर्थ हे तिचं शेवटून दुसरं स्टेशन आहे. ती रोज धावत नाही, त्यामुळे आधी वेळापत्रक बघून ठेवा. गाडी नसेल त्या दिवशी बस घ्या. कीथलीचं बस स्थानक रेल्वे स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे.

ही रेल्वे हॉवर्थला 1867 साली पोचली. शार्लट, एमिली, ॲन आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल ही ब्राँटे भावंडं तोपर्यंत हयात नव्हती. जुलै 1848 मध्ये शार्लट आणि ॲन लंडनच्या प्रकाशकाला टोपणनावांमागची आपली खरी ओळख पटवायला निघाल्या, तेव्हा कीथलीपर्यंतचे चार मैल त्यांनी वादळात पायी काटले होते. साहित्याच्या अभ्यासक्रमात हे एका ओळीत येऊन जातं. तो चढ चालून पाहिला की ती ओळ वेगळी वाटते.

स्टेशन दरीत आहे आणि गाव वर, त्यामुळे पंधरावीस मिनिटांची खडी चढण आहे. मेन स्ट्रीटवरचे फरसबंदीचे दगड आडवे अंथरलेले नाहीत, कडेवर उभे बसवलेले आहेत. मालाची गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या टापेला दोन दगडांमधल्या खाचेचा आधार मिळावा, म्हणून ही रचना केलेली. पावसात माणसाच्या बुटाला मात्र हेच दगड निसरडे होतात. उतरताना कडेच्या भिंतीजवळून चाला.

वर पोचल्यावर चर्च, दफनभूमी आणि तिला दोन बाजूंनी लागून असलेलं पार्सनेज, म्हणजे धर्मगुरूंचं निवासस्थान दिसतं. संग्रहालयात घाईने शिरू नका, आधी दफनभूमीत थांबा. 1850 साली बेंजामिन हर्शेल बॅबेज या सरकारी निरीक्षकाने गावाची पाहणी केली. ती व्हावी म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत शार्लटचे वडील पॅट्रिक ब्राँटे पुढे होते. अहवालातले आकडे असे आहेत: मृत्यूचं सरासरी वय 25.8 वर्षं, सहाव्या वर्षाआधीच दगावणारी मुलं 41.6 टक्के, आणि गटारं अजिबात नाहीत. सपाट दगडी लाद्यांनी झाकलेल्या कबरींवर झाडझुडूप उगवत नव्हतं, त्यामुळे मातीत नीट विघटन होत नव्हतं. आज दिसणारी उंच झाडं नंतर लावलेली आहेत. एका विहिरीला उन्हाळ्यात पाणी इतकं कमी असे, की सोमवारच्या धुण्यासाठी गरीब बाया पहाटे दोन-तीनला हंडे घेऊन नंबर लावत. हे धुणं लक्षात ठेवा, ते आत संग्रहालयातही भेटतं.

सकाळ मोकळी असेल तर गावामागचा माळ आधी उरका आणि संग्रहालय दुपारी बघा. ब्राँटे धबधबा गावापासून अडीच मैलांवर आहे आणि टॉप विदेन्स हे पडकं शेतघर साडेतीन मैलांवर. जाऊन-येऊन चार तास धरा. धबधब्याजवळचा दगडी पूल 1989 च्या पुरात वाहून गेला होता, आताचा नवा बांधलेला आहे. काही दिशाफलकांवर इंग्रजीखाली जपानी अक्षरं दिसतात, इतके वाचक तिथून येतात. पायाखालची जमीन पीटची, म्हणजे स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी आहे. वरून कोरडी दिसणारी गवताची गादी पाय ठेवताच घोट्यापर्यंत आत घेते. कापडी बूट तिथे काही कामाचे नाहीत. धुकं उतरलं तर पायवाट सोडू नका. हेदर या माळावरच्या झुडपाचा जांभळा बहर पाहायचा असेल तर ऑगस्ट गाठा. शेतघराच्या भिंतीवर 1964 साली बसवलेला फलक सरळ सांगतो की एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीतल्या घराशी या इमारतीचं पूर्वीही साम्य नव्हतं. जागा मात्र तिच्या मनात असू शकेल, असंही तो म्हणतो. असा प्रामाणिक फलक साहित्यिक स्मारकांवर क्वचितच वाचायला मिळतो.

आता घराकडे वळू. 1820 साली सहा मुलांना घेऊन पॅट्रिक आणि त्यांची पत्नी मरिया इथे राहायला आले. पुढच्याच वर्षी आई गेली. इमारत 1928 पासून संग्रहालय आहे. खोल्या लहान आहेत, गर्दीच्या दिवशी दोरीपाशी रेंगाळता येत नाही, म्हणून शनिवार-रविवार टाळलेला बरा. जेवणाच्या खोलीतल्या मेजावर शाईचे डाग आहेत, मेणबत्तीने भाजलेली खूण आहे आणि लाकडात कोरलेलं इंग्रजी ‘ई’ अक्षर आहे. रात्री वडील नऊला झोपायला गेले की तिघी बहिणी या मेजाभोवती फेऱ्या मारत लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवत. एमिली आणि ॲन गेल्यावर, 1849 नंतर, तिथे एकटी शार्लट फेऱ्या मारत असे.

माझ्या मते संग्रहालयाचा गाभा म्हणजे चिमुकली पुस्तकं. जून 1826 मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलांनी शिपायांना नावं दिली, राज्यं दिली आणि त्यांच्या हातात शोभतील अशी मासिकं काढली. 1830 सालच्या एका अंकाचं पान 35 मिलिमीटर रुंद आणि 61 मिलिमीटर उंच आहे, म्हणजे काडेपेटीहून जरासं लांब. वीसेक पानांत चार हजारांहून जास्त शब्द आहेत. तेव्हा शार्लट चौदा वर्षांची होती. त्यात एका माणसाच्या पलंगाचे पडदे पेट घेतात. सतरा वर्षांनी आलेल्या तिच्या ‘जेन एअर’ या कादंबरीत तीच आग पुन्हा लागते. हा अंक ब्राँटे सोसायटीने नोव्हेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना घेतला. मूळ सामग्री होती घरातले कागदाचे तुकडे आणि शिवणाचा दोरा.

काचेच्या कपाटातला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, नाहीतर शाई विटते. त्यामुळे अक्षर दिसतं पण वाचता येत नाही. ते किती बारीक आहे हे कळायला एकच उपाय आहे: घरी एक करून बघा. ए-फोर कागदाचे 70 गुणिले 61 मिलिमीटरचे बारा तुकडे पडतात. त्यातले पाच घेऊन एकात एक दुमडले की वीस पानं होतात. घडीवर सुईने तीन भोकं पाडा. दोरा मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्यावर गाठ मारा. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे येतील, ती शिवल्यावरच कापा. आधी कापलीत तर कड वाकडी होते. जेल पेन पसरतं, टोकदार पेन्सिल बरी. पानावर दोनशे शब्द बसवायचे तर ओळींमध्ये दोन मिलिमीटरच मिळतात. देवनागरीत इथेच गाडी अडते: वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. तीन मिलिमीटरांखाली मराठी सुटसुटीत राहत नाही.

शेजारी बहिणींनी भरलेले सॅम्पलर आहेत, म्हणजे कापडावर टाक्यांनी काढलेली अक्षरं, आकडे आणि बायबलची वचनं. मुलीची ही अभ्यासाची वहीच होती. अक्षरं टाक्यांनी शिकायची, कारण पुढे घरच्या चादरी-टॉवेलांवर खुणा घालायच्या असत आणि धुण्यात कपडे हरवता कामा नयेत. भाऊ त्या वयात वडिलांकडे लॅटिन आणि ग्रीक शिकत होता.

मुलींच्या शाळेची किंमत होती वर्षाला 14 पौंड. गरीब धर्मगुरूंच्या मुलींसाठी काउअन ब्रिज इथे निघालेल्या शाळेत 1824 साली चौघी बहिणी गेल्या. आठ वर्षांच्या शार्लटबद्दल तिथल्या नोंदवहीत शेरा आहे: वाचन बरं, लेखन जेमतेम, शिवण नीटनेटकं, व्याकरण-भूगोल-इतिहास काहीच येत नाही. दर रविवारी दोन मैलांहून लांबच्या चर्चला चालत जायचं आणि ओल्या पायांनी दिवसभर बसायचं. थोरल्या दोघी, मरिया आणि एलिझाबेथ, 1825 च्या मे आणि जूनमध्ये क्षयाने गेल्या. जेन एअरची शाळा याच अनुभवातून आली.

या शाळेचा धागा आपल्याकडेही येतो. 1833 मध्ये ती जवळच्या कॅस्टर्टनला हलली. 1857 साली तिथे मुख्य शिक्षिका होत्या डोरोथिया बील. तिथली शिस्त न पटल्याने त्या वर्षभरात बाहेर पडल्या आणि 1858 पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पंडिता रमाबाई 1884 ते 1886 या काळात त्याच कॉलेजात, त्याच बीलबाईंच्या हाताखाली शिकल्या आणि तिथे त्यांनी संस्कृत शिकवलं. 1889 मध्ये मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं. काउअन ब्रिजपासून शारदा सदनापर्यंत मध्ये एकच बाई उभी आहे, आणि मला हे या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

ऐवजांच्या कपाटांपाशी सावकाश थांबा. एमिलीची लिहायची पेटी उघडली की तिचं झाकण उतरतं मेज होतं आणि आत दौत-टाकाला कप्पे असतात. तिच्यात लाख, टाकाची टोकं आणि तिच्या कादंबरीवरच्या पाच परीक्षणांची कात्रणं निघाली. ॲनने स्कारबरोच्या किनाऱ्यावर वेचलेले अकीकाचे खडे आहेत. कीपर या कुत्र्याचा पितळी पट्टा आहे. आणि एमिली व ॲनच्या केसांची एकत्र वेणी घालून केलेलं शार्लटचं ब्रेसलेट आहे, त्याला जांभळा ॲमेथिस्ट जडवलाय. ही सगळी चीजवस्तू मुठीत किंवा मांडीवर मावणारी आहे. नोकरीसाठी परक्या घरी राहायला जाणाऱ्या मुलीला यापेक्षा मोठं काही बाळगता येत नसे.

त्या नोकरीचा हिशोबही इथेच लागतो. 1841 मध्ये गव्हर्नेस, म्हणजे परक्या घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, म्हणून शार्लटला वर्षाला 20 पौंड मिळत, त्यातून धुण्याचे 4 कापले जात. हातात 16. तीन वर्षांनी बहिणींनी पार्सनेजमध्येच शाळा काढायचं ठरवून माहितीपत्रक छापलं. राहणं, जेवण आणि इंग्रजी शिक्षण मिळून वर्षाला 35 पौंड. फ्रेंच, संगीत प्रत्येकी तिमाहीला एक पौंड एक शिलिंग. पियानो वापरायला तिमाही 5 शिलिंग, धुण्याचे तिमाही 15 शिलिंग. चादरी, उशांचे अभ्रे, चार टॉवेल आणि चमचे मुलीने घरून आणायचे. वीस शिलिंगांचा एक पौंड धरून फ्रेंच, संगीत आणि पियानो घेणाऱ्या मुलीचा वर्षाचा खर्च मांडला, तर तो 47 पौंड 8 शिलिंग होतो, म्हणजे गव्हर्नेस शार्लटची जवळपास तीन वर्षांची कमाई.

एकही मुलगी आली नाही. गाव आडबाजूला, आणि घराच्या दारात दफनभूमी. 1845 च्या शरदात शार्लटला एमिलीच्या कवितांची वही सापडली. तिघींनी मावशीने ठेवलेल्या पैशांतून 31 पौंड 10 शिलिंग घातले आणि 1846 मध्ये करर, एलिस आणि ॲक्टन बेल या पुरुषी वाटणाऱ्या नावांनी कवितासंग्रह छापला. वर्षभरात दोन प्रती खपल्या. वॉरिकच्या एका वाचकाने कवींच्या सह्या मागितल्या. तिघींनी एकाच कागदावर, एकीखाली एक, आपली खोटी नावं लिहून पाठवली.