घरगुती मेणखडूंची वही : ३७वा घाणा

काल रात्री ३७वा घाणा साच्यातून काढला. नारिंगी, २४ कांड्या. ३४व्या घाण्यातली राखून ठेवलेली नारिंगी कांडी शेजारी घेऊन एकाच कागदावर दोन्हींच्या पट्ट्या ओढल्या आणि आज सकाळी खिडकीतल्या उजेडात पुन्हा पाहिल्या. कुठली पट्टी कुठल्या घाण्याची, हे मागे लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय मला सांगता आलं नाही. सात महिने याचीच वाट पाहत होते. सुंदर खडू तिसऱ्या घाण्यालाच जमला होता. तोच खडू पुन्हा जमत नव्हता. विकायला बसलं की सगळं तिथेच येऊन अडतं, कारण ज्याचा नारिंगी संपतो त्याला परत तसाच नारिंगी हवा असतो.

सुरुवात बहुतेकांसारखीच केली. जुन्या खडूंचे तुकडे जमवले, कागद सोलले, रंग वेगळे केले, वितळवून सिलिकॉनच्या साच्यात ओतले. छंद म्हणून ते छानच आहे, हात बसतो. पण वेगवेगळ्या कारखान्यांचे तुकडे एकत्र आले की एक घाणा मऊ, दुसरा ठिसूळ. शिवाय डब्यावर आत काय आहे ते लिहायला बसले तर मलाच माहीत नव्हतं. लहान मूल खडू चावतं, हे आपण सगळे पाहतो. स्वतः न निवडलेला माल मी कुणाच्या मुलाच्या हातात देणार नव्हते. म्हणून पाचव्या घाण्यापासून कोऱ्या मालावर आले.

सध्याचं माप, शंभर ग्रॅमला: पॅराफिन मेण ५६, स्टिअरिक ॲसिड २०, मधमाश्यांचं मेण ४, चिनीमाती म्हणजे केओलिन ८, रंगद्रव्य १०, द्रव पॅराफिन २. पॅराफिन ५८ ते ६० अंशांना वितळणारं घेते. त्याहून मऊ घेतलं तर खडू हातात चिकट होतो. स्टिअरिक ॲसिड सुमारे ६९ अंशांना वितळतं. त्याने कांडीला कणखरपणा येतो आणि ती साच्यातून सहज सुटते. पहिल्यांदा ते ३५ पर्यंत नेलं होतं. कांडी देखणी झाली, काचेसारखी कडक, आणि कागदावर नुसती घसरत राहिली. खडू म्हणजे शेवटी कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर घासून झिजणारं मेण. झिजलाच नाही तर रंग येणार कुठून? आठ टक्के मातीचं काम तेच: रंगाला अंग येतं आणि कागदावर पकड बसते. माती वापरण्याआधी तापवून पूर्ण कोरडी करा. ओल राहिली तर गरम मेणात बुडबुडे येतात आणि कांडीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात.

भर म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. टाल्क मऊ असतं, खडूला गुळगुळीतपणा देतं, आणि कितीतरी वर्षं खडूंमध्ये वापरलंही गेलं. पण खाणीत टाल्कच्या शेजारी ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाचे, थर असू शकतात. २००० साली अमेरिकेतल्या सिएटलच्या एका वर्तमानपत्राने काही खडू तपासून घेतले आणि त्यांत ॲस्बेस्टॉस सापडल्याची बातमी दिली. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने केलेल्या तपासणीत काही खडूंमध्ये अत्यल्प प्रमाण आढळलं. मुलांना धोका फारच कमी, असं आयोगाचं मत होतं, तरीही कारखानदारांनी माल बदलायचं कबूल केलं. मोठ्या कारखान्यांनी जे काढून टाकलं ते मी घरात आणण्यात अर्थ नाही.

आता रंगद्रव्य. माझे सातांपैकी चार महिने यातच गेले, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांचेही जातील. पाण्यात विरघळणारे रंग मेणात मिसळत नाहीत, तळाशी थेंब होऊन बसतात. मेणबत्तीचे तेलात विरघळणारे रंग मिसळतात, पण कागदावर पाझरतात आणि बोटांना लागतात. खडूला भुकटीचं, न विरघळणारं रंगद्रव्यच लागतं. लाल, तपकिरी आणि काळ्यासाठी आयर्न ऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन, पांढऱ्यासाठी टायटेनियम डायऑक्साइड. हे सगळे टिकाऊ आहेत, उन्हात सहसा उडत नाहीत.

भुकटी सरळ वितळलेल्या मेणात टाकून ढवळली तर ती मिसळल्यासारखी दिसते, पण मिसळलेली नसते. तिच्या बारीक गुठळ्या राहतात. रंगवताना मध्येच गडद ओरखडा उमटतो. माझे ६ ते १४ हे सगळे घाणे या ओरखड्यांनी भरलेले आहेत. उपाय एकच: आधी घोटणे. रंगद्रव्यात द्रव पॅराफिन थेंबाथेंबाने घालून जाड काचेवर सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्याने घोटायचं, सुरीने गोळा करायचं, पुन्हा घोटायचं. अल्ट्रामरीनला मला वीस मिनिटं लागतात. बोटांच्या चिमटीत कण लागेनासा झाला की मग तो लगदा थोड्या गरम स्टिअरिक ॲसिडमध्ये, आणि ते उरलेल्या मेणात. या वीस मिनिटांत घाई केली की पुढचे सगळे तास वाया. भुकटी मोजताना आणि घोटताना तोंडाला मास्क बांधा, पंखा बंद ठेवा.

पिवळ्याने मला सगळ्यात जास्त दमवलं. पिवळा आयर्न ऑक्साइड सुरक्षित आणि सहज मिळणारा, पण त्याचा रंग मातकट. मुलांना हवा तो सूर्याचा पिवळा त्यातून निघत नाही. कितीही घाला, फक्त दाट माती होते. एके काळी झगझगीत पिवळ्यासाठी क्रोम यलो वापरत. ते लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही. कॅडमियम यलो सुंदर दिसतो, पण चित्रकाराच्या रंगपेटीत शोभतो, मुलांच्या खडूत नाही. शेवटी सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगाचं, पिवळं रंगद्रव्य घेतलं, खेळण्यांसाठीच्या युरोपीय ईएन ७१-३ या मानकाला धरून तपासलेलं. हे मानक शिसं, कॅडमियम, आर्सेनिक वगैरे मूलद्रव्यं खेळण्यातून किती झिरपू शकतात यावर मर्यादा घालतं. पुरवठादाराकडे त्या लॉटचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका. एकाने 'सगळे असंच वापरतात' असं उत्तर दिलं. त्याच्याकडून पुढे काहीच घेतलं नाही. कच्च्या मालाचा कागद हातात असला तरी तयार खडूची तपासणी वेगळी करावी लागते, तीही मी करून घेतली. आपापल्या देशातला खेळण्यांचा नियम आधी वाचा, डब्याची नक्षी नंतर.

हा सेंद्रिय पिवळा अंगाने पातळ आहे. त्यात दीड ग्रॅम टायटेनियम पांढरा मिसळल्यावर तो कागदावर भरून बसला. २६वा घाणा तो. त्या दिवशी मी कारण नसताना अख्खं पान पिवळं रंगवलं.

रंगद्रव्याची दुसरी खोड म्हणजे तळाशी बसणं. लाल आयर्न ऑक्साइड मेणाच्या पाचपटींहून जड असतो. उभ्या साच्यात टोक खाली असतं, त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या लाल कांड्या टोकाला गर्द आणि बुडाला फिकट निघायच्या. मला वाटायचं ओतताना चूक होते. चूक ताप जास्त असण्यात होती. ९० अंशांना मेण पाण्यासारखं पातळ असतं आणि सिलिकॉनच्या साच्यात ते हळू गार होतं, म्हणजे कणांना खाली जायला भरपूर वेळ मिळतो. आता ७५ ते ७८ अंशांवर ओतते आणि दर चार भोकांनंतर भांडं ढवळते. टोक आणि बुडाची पट्टी आता सारखी येते. अल्ट्रामरीन आयर्न ऑक्साइडच्या निम्म्याहून हलका, त्याने इतका त्रास दिला नाही.

मधोमध तुटणाऱ्या कांड्यांबद्दल थोडक्यात. मेण गार होताना चांगलंच आकसतं आणि गाभ्यात पोकळी राहते. कांडी तिथेच मोडते. साचा आधी कोमट करा, काठाच्या थोडं वर येईपर्यंत ओता, आणि मध्ये खळगा पडू लागला की गाभा ओला असतानाच दुसऱ्यांदा भरा. फ्रीजमध्ये ठेवून घाईने गार केलेल्या कांड्यांना बारीक चिरा जातात. रात्रभर तशीच ठेवते. कमरेच्या उंचीवरून फरशीवर पाडून पाहते. चोवीसांत एखादी मोडली तर चालतं, तीन मोडल्या तर पूर्ण घाणा पुन्हा भांड्यात.

मेण कधीही थेट आचेवर वितळवू नका. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवलं की ते शंभर अंशांपुढे जात नाही. थेट आचेवर तापत राहिलं तर वाफ पेटू शकते. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं आणि आच बंद करायची. भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका.

कांडीवरचा कागद शोभेचा असतो असं मला वाटायचं. पण ८ मिलिमीटर जाड आणि ९० मिलिमीटर लांब, जेमतेम पावणेपाच ग्रॅमची कांडी कागदाच्या दोन वेढ्यांनी कितीतरी मजबूत होते. स्टार्चची पातळ खळ लावते. बाजारातला घट्ट डिंक लावला तर मुलांना कागद सोलता येत नाही. एका कांडीला जवळजवळ दोन मिनिटं, म्हणजे एका घाण्याला पाऊण तासाच्या आसपास. घोटणं, वितळवणं, ओतणं यांना अडीच तास. हिशेब मांडताना मी पहिल्यांदा फक्त मेण आणि रंग धरले होते, वेळ धरलाच नव्हता. त्या दराने विकलेले पहिले दहा डबे खरं तर भेट दिल्यासारखेच झाले. मालात सगळ्यात महाग रंगद्रव्य, पण त्याहून महाग हे सव्वातीन तास. आता रंगद्रव्य चार घाण्यांपुरतं एकदम घोटून स्टिअरिक ॲसिडमध्ये वड्या पाडून ठेवते. वेळ वाचलाच, शिवाय ३४ आणि ३७ जुळले तेही यामुळेच: दोन्ही एकाच वडीच्या लगद्यातून निघाले. पुढची वडी करताना ती जुनीशी जुळवून पाहायची, म्हणजे जुळवणी घाण्यागणिक न राहता वडीगणिक राहते.

किती रंग ठेवायचे हे ठरवताना क्रेयोला या अमेरिकी मेणखडूंची १९०३ सालची पहिली पेटी डोळ्यांसमोर ठेवली. आठ कांड्या: काळा, तपकिरी, निळा, लाल, जांभळा, नारिंगी, पिवळा, हिरवा. ती काढणारी बिनी अँड स्मिथ कंपनी त्याआधी काजळी आणि लाल ऑक्साइडच्या धंद्यात होती, म्हणजे रंगद्रव्य त्यांना आधीच ठाऊक होतं, मेण नंतर आलं. मला हे फार पटतं. माझे सध्या सहा आहेत. प्रत्येक डब्याच्या तळाशी घाण्याचा क्रमांक आणि प्रत्येक घाण्यातल्या दोन कांड्या माझ्या कपाटात. एका आईने निळा फिका निघाल्याचं कळवलं, तेव्हा क्रमांक पाहून दहा मिनिटांत कळलं की १९व्या घाण्यात माती दुप्पट पडली होती. त्या घाण्याचे उरलेले चारही डबे परत मागवले.

अगदी लहानांसाठी जाड, अंड्याच्या आकाराचे खडू करा असं बऱ्याच जणी सुचवतात. करायचे आहेत. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा साधारण नियम असा की घशात अडकू नये म्हणून वस्तू किंवा तिचा तुटलेला तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, आणि मेण कसं तुटेल हे सांगता येत नाही. त्यामुळे सध्या डब्यावर 'तीन वर्षांपुढील मुलांसाठी' असंच लिहिते.

३८वा घाणा जांभळा आहे. लाल ऑक्साइड आणि अल्ट्रामरीन मिसळून तीनदा केला, तीनही वेळा वांगी-तपकिरी निघाला, कारण त्या लालात मुळातच पिवळेपणा आहे. या वेळी क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, म्हणजे निळसर झाकेचा गुलाबी-लाल, आणला आहे, तोही प्रमाणपत्रासकट. एकास तीन अल्ट्रामरीन, एकास दोन आणि एकास एक अशा तीन छोट्या वड्या आज घोटून ठेवल्या आहेत. शनिवारी ओतते.