वॉशिंग मशीनची दुरुस्ती : पाच तास चाळीस मिनिटे

एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात, स्वागतकक्षाच्या शेजारी, आमचे लहानसे कॉन्सिअर्ज डेस्क आहे. कर्मचाऱ्यांची खासगी कामे, म्हणजे कपडे धुलाईला टाकणे, गाडी सर्व्हिसिंगला नेऊन परत आणणे, पार्सल पाठवणे, प्रवासाची तिकिटे काढणे, कंपनीने एक सवलत म्हणून आमच्या संस्थेकडे सोपवली आहेत. सेवेचे शुल्क कंपनी दरमहा माणशी ठरलेल्या दराने भरते, मग ती सेवा कोणी वापरो वा न वापरो. वस्तूची किंमत आणि दुरुस्तीचे बिल मात्र ज्याचे त्याने द्यायचे. लोकांना वाटते की आमच्याकडे भेटवस्तूंच्या आणि सहलींच्या मागण्या येत असतील. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस वाट पाहण्यात जातो, कारण दुरुस्तीचा माणूस ‘दहा ते दोनच्या दरम्यान येईन’ असे सांगतो आणि तेवढ्यासाठी नोकरदार माणसाची एक रजा खर्ची पडते.

मोठ्या हॉटेलांतल्या कॉन्सिअर्जच्या कोटावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन सोनेरी किल्ल्या दिसतात. १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संघटनेची ती खूण. आमच्या कोटावर काही नसते, पण खणात खऱ्या घरांच्या खऱ्या किल्ल्या असतात. त्या मोहोरबंद पाकिटात ठेवतो आणि पाकिटावर फक्त क्रमांक लिहितो, नाव किंवा पत्ता लिहीत नाही. घरमालकाचे सहीचे संमतिपत्र असल्याशिवाय ते पाकीट उघडायचे नाही, असा नियम आहे.

त्या दिवशी असेच एक पाकीट घेऊन आमचा सहकारी वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीसाठी एका कर्मचाऱ्याच्या घरी गेला. अर्जात ‘घरी कोणी नाही’ असे लिहिलेले होते. सव्वादहाला त्याचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. बाहेरचे कुलूप काढून तो आत गेला, तेव्हा खिडकीपाशी खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते आणि त्यांनी शांतपणे विचारले होते, “आपण कोण?”

ते त्या कर्मचाऱ्याचे वडील होते. त्यांना विस्मरणाचा आजार होता. मुलगा त्यांना दररोज बाहेरून कुलूप लावून कामावर येत होता.

आमच्या करारात न करायच्या कामांची यादी आहे: कोणाच्या वतीने सही करायची नाही, रोख रक्कम काढायची नाही, आणि मुले, वृद्ध किंवा रुग्ण यांची देखभाल अंगावर घ्यायची नाही. शेवटची अट योग्यच आहे, कारण आमच्या माणसांना त्याचे प्रशिक्षण नाही आणि काही बरेवाईट झाले तर उत्तर द्यायला कोणी नाही. मी नियमाप्रमाणे त्याला परत यायला सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, “मॅडम, मी निघायचं म्हटलं, तर बाहेरून कुलूप मलाच लावावं लागेल.”

मी त्याला थांबायला सांगितले.

मुलाचा फोन अकरापर्यंत बंद होता. तो लागला तेव्हा ओशाळण्याऐवजी त्याने आधी विचारले, “तुमचा माणूस आहे ना तिथे? मग तीनपर्यंत थांबेल का?” मला राग आला, आणि मी काहीशा कठोर शब्दांत सांगितले की घरात आग लागली तर आतला माणूस बाहेर पडू शकणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “माहीत आहे. कुलूप न लावता गेलो होतो एकदा. रात्री नऊला सापडले.” या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

तिथे आमचा सहकारी दर दहा मिनिटांनी तेच सांगत होता: “मशीनवाले यायचेत, त्यांची वाट पाहतोय.” प्रत्येक वेळी त्या गृहस्थांना ते नव्याने पटत होते, आणि प्रत्येक वेळी ते त्याला बसायला सांगत होते. मशीनवाला दोन वीसला आला. मुलगा तीन पन्नासला पोहोचला.

मी नोंद केली: घरगुती उपकरण दुरुस्ती, पूर्ण, पाच तास चाळीस मिनिटे. आम्ही कंपनीला फक्त कामाचा प्रकार, संख्या आणि वेळ कळवतो. नाव कधीच देत नाही, कारण माणूस कोणती औषधे आणायला सांगतो किंवा कोणत्या वकिलाकडे कागद पाठवतो हे त्याच्या वरिष्ठांना कळणार असेल, तर कोणीही आमच्याकडे फिरकणार नाही. महिनाअखेर मनुष्यबळ विभागाने एवढ्या वेळाबद्दल विचारणा केली. मी लिहिले, “प्रतीक्षा.” ते खोटे नव्हते, पण ते लिहिताना माझे मन स्वच्छ होते असेही म्हणणार नाही. करार मोडला होता आणि तो मी मोडला होता. हे मी आमच्या संस्थेच्या व्यवस्थापकांना, कोणाचे घर ते न सांगता, त्याच संध्याकाळी कळवले होते.

देखभाल करणे आमच्या कक्षेबाहेर असले, तरी देखभालीची सोय शोधून देणे कक्षेतले आहे, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते आणि आमच्या माहितीपत्रकातही ते कुठे लिहिलेले नव्हते. वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रांची यादी, त्यांच्या वेळा आणि जागा शिल्लक आहे की नाही, हे सारे आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी काढून दिले. पुढच्या अहवालात ती ओळ अशी दिसते: माहिती शोधणे, चाळीस मिनिटे.