कंपनीच्या पाव आण्यावरची लॅटिन ओळ : वाचन कुठवर आलं

कंपनीच्या नाण्यांवरच्या लॅटिन ओळी वाचायच्या यादीतला १८३५चा पाव आणा आता पुरता वाचून झाला. तांबं, वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं मानचिन्ह, दोन्हीकडे सिंह आणि खाली फितीवर बारीक अक्षरं : औस्प: रेगिस & सेनात: आंग्लिए.

फीत वाचताना दिवा डोक्यावरून नको. बाजूने, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर धरा आणि नाणं सावकाश फिरवा. झिजलेलं अक्षरही सावलीने उठतं. दहापट भिंग पुरे. चिंच-लिंबू मात्र लावूच नका. आम्ल तांबं खातं, उथळ अक्षरांच्या कडा जातात आणि जुना तपकिरी थर उडाला की किंमतही उतरते.

विसर्गासारखे दोन ठिपके म्हणजे शब्द तोडल्याची खूण. पूर्ण ओळ 'औस्पिकिओ रेगिस एत सेनातुस आंग्लिए' : इंग्लंडचा राजा व संसद यांच्या आश्रयाखाली. वाचणारा हमखास घसरतो तो 'सेनातुस'वर. शेवटी '-उस' दिसलं की प्रथमा धरली जाते आणि 'राजाचा आश्रय आणि सिनेट' असलं काहीतरी हाती येतं. हा शब्द लॅटिन नामांच्या चौथ्या गणातला (गण म्हणजे एकाच तऱ्हेने चालणाऱ्या नामांचा गट). त्याची षष्ठीही '-उस'च, फक्त उकार दीर्घ.

१६००च्या जुन्या कंपनीचं ब्रीद वेगळं होतं : 'देओ दुकेन्ते निल नोकेत', देव वाट दाखवत असता कशानेच अपाय नाही. आपल्या नाण्यावरचं ब्रीद १६९८ला उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीचं. तिला पार्लमेंटच्या कायद्याचा आधार होता, म्हणून राजाशेजारी 'सेनातुस'. १७०९मध्ये दोन्ही एक झाल्या, चिन्ह नवीचं टिकलं.

त्यामुळे ब्रीदावरून साल काढायला जाऊ नये. व्हिक्टोरिया १८३७पासून गादीवर, तरी १८५८च्या पाव आण्यावर 'रेगिस', राजाचा! 'आंग्लिए'ही तसंच, ग्रेट ब्रिटन १७०७लाच झालेलं असून. मानचिन्हाबरोबर मिळालेली ओळ गादीवरचं माणूस बदललं म्हणून बदलत नसते.

राम दरबार छापलेले १८१८चे 'कंपनीचे आणे' या यादीत घेतलेले नाहीत. ती कंपनीने पाडलेली नाणीच नव्हेत, मग विकणारा काहीही सांगो.

पुढे ढब्बू (अर्धा आणा, २०० ग्रेन) आणि १/१२ आणा, म्हणजे पै. ओळ तीच, पण पैवर अक्षरं इतकी बारकी की भिंगापेक्षा मॅक्रो फोटो बरा. त्यानंतर १६७०च्या दशकातला मुंबईचा चांदीचा रुपया : 'आ देओ पाक्स एत इन्क्रेमेन्तुम', देवाकडून शांती आणि भरभराट. तो दुर्मिळ, तेव्हा संग्रहालयांच्या फोटोंवरूनच काम.