कोपरावर येणारा बॉल: फोरहॅण्ड की बॅकहॅण्ड?

टेबल टेनिसचं टेबल १.५२५ मीटर रुंद असतं, पण फोरहॅण्ड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) आणि बॅकहॅण्ड (हाताच्या मागच्या बाजूने मारायचा फटका) यांची हद्द त्याच्या मधल्या रेषेवरून ठरवू नका. ती आपल्या खेळत्या हाताच्या कोपराशी असते आणि आपण सरकलो की तीही सरकते. माझी फटक्याची निवड सुधारली ती हे धरून सराव बदलल्यावर. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.)

नेमका कोपरावर आलेला बॉल सगळ्यात जास्त छळतो. हात आखडतो, बॅट अर्धवट वळते, बॉल उंच उडतो. इथे आधी पाय हलले पाहिजेत. बॅकहॅण्डला बॉल पोटासमोर हवा, म्हणून छोटं पाऊल उजवीकडे. फोरहॅण्डला तो शरीराच्या उजव्या बाजूला हवा, म्हणून डावीकडे सरकून उजवा पाय मागे. वेगात आला तर बॅकहॅण्ड, कारण त्याचा स्विंग लहान. संथ किंवा उंच आला तर फोरहॅण्ड. बॉल नेट ओलांडायच्या आत हे ठरायला हवं, त्यामुळे नजर समोरच्याच्या बॅटवर ठेवायची.

सराव मल्टीबॉलने, म्हणजे जोडीदार एकामागून एक बॉल देत राहतो तसा. आधी ठरलेला क्रम: दोन बॅकहॅण्डला, दोन फोरहॅण्डला. तो बसला की बॅकहॅण्डला एक किंवा दोन, मग कुठेही. खरी निवड इथेच घडते. ठरलेल्या क्रमात फक्त पाय तयार होतात. वेग इतकाच ठेवा की प्रत्येक फटक्यानंतर बॅट पोटासमोर परत येईल. फोरहॅण्डनंतर ती खांद्यापाशीच राहिली, तर पुढचा बॅकहॅण्ड हमखास उशिरा लागतो. ग्रिप घट्ट आवळली तरी तेच होतं.

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये टेबल भिंतीला खेटून असतं. तिथे लांबच्या फोरहॅण्डकडे धावायची सवय लागत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या हॉलमध्ये खेळाच.

आपला बॉल कुठे पडला, त्यावरूनही अंदाज बांधता येतो. समोरच्याच्या फोरहॅण्डच्या कोपऱ्यात तिरका मारला, तर परतीचा बॉल बहुधा आपल्याही फोरहॅण्डलाच लांब येतो. तेव्हा मारून झाल्यावर अर्धं पाऊल उजवीकडे.

पावसाळ्यात एक गोष्ट तपासा. दमट हवेत बॅटचं रबर ओलसर होऊन बॉल घसरतो, टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरकी देणारा फटका) नेटमध्ये जातो आणि आपण फटकाच चुकीचा निवडला असं वाटू लागतं. दोन रॅलींच्या मध्ये बॅट कोरड्या कापडाने पुसा आणि तोच फटका पुन्हा मारून पाहा.