तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडच्या तिबेटी लोकांचं काय करायचं?

मी अर्जुनी मोरगावची म्हटलं की नागपुरात काय पुण्यात काय, कोणीतरी विचारतंच, तुमच्याकडे तो तिबेट कॅम्प आहे ना, एवढी वर्षं झाली, आता त्यांना नागरिकत्व द्यावं की परत पाठवावं? दरवेळी घाईत काहीतरी बोलते आणि नंतर चुटपुट लागते, म्हणून एकदा नीट लिहिते.

परत म्हणजे कुठे, हे आधी सांगा. दलाई लामा १९५९ ला भारतात आले, त्यांच्यामागे हजारो माणसं आली. आमच्याकडचा कॅम्प म्हणजे गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग वसाहत, ती १९७२ ची. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया जिल्हा झाला १९९९ ला, म्हणजे ही वस्ती आमच्या जिल्ह्यापेक्षा जुनी आहे. तिथे धान लावतात, गालिचे विणतात, आणि थंडी आली की कितीतरी घरांना कुलूप, सगळे स्वेटर विकायला शहरात. तिथे जन्मलेल्यांनी तिबेट पाहिलेलंच नाही, त्यांना "परत" कसं पाठवणार?

माझी शाळेतली मैत्रीण तिथलीच. तिचा जन्म १९८५ चा, धाकट्या भावाचा १९८९ चा, आईवडील लहानपणी तिबेटातून आलेले. आता कायदा बघा. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक, आईवडील परदेशी असले तरी. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय हवेत. म्हणजे एका चुलीवरचं जेवलेली दोन भावंडं, बहीण भारतीय आणि भाऊ परदेशी, ज्याला आरसी म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मुदत संपली की रिन्यू करत बसायचं, मतदान नाही, बाहेरदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ते पिवळं आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट.

बरं, बहिणीला तरी सहज मिळालं का? कायद्यात हक्क असून पासपोर्ट नाकारले जायचे. २०१० ला दिल्ली हायकोर्टाने एका तिबेटी मुलीच्या केसमध्ये हक्क मान्य केला, २०१६ ला पुन्हा कोर्टात जावं लागलं, मग २०१७ ला सरकारने पासपोर्ट द्यायला सांगितलं, पण अटी अशा की आरसी आणि आयसी जमा करा, तिबेटी वसाहत सोडा, निर्वासितांच्या सवलती सोडा. मैत्रीण म्हणाली, आईला कॅम्पात एकटी टाकून मी कशाला पासपोर्ट घेऊ? तिने अर्ज केला नाही. मला हे फार लागलं, कारण हा तिचा जन्माचा हक्क होता आणि त्याची किंमत तिला घर सोडून मोजायला सांगितली.

आपण हे नीट करू शकतो हो. फाळणीनंतर सिंधी लोक कल्याणच्या लष्करी छावण्यांत आले, त्याचं उल्हासनगर झालं. त्यांच्यासाठी नागरिकत्वाची वाट थेट राज्यघटनेतच लिहिलेली होती, आज त्यांना परत पाठवा असं कोणाच्या मनातही येत नाही. तिबेटींसाठी मात्र अशी वाट नाही, नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतही पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहे, तिबेट नाही.

कॅम्पातल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळीच भीती आहे, की सगळे भारतीय झाले तर तिबेट आमचं म्हणणारं उरेल कोण. ही भीती मला खरी वाटते. मैत्रिणीच्या आईला नागरिकत्व नकोच आहे, मी तिबेटची म्हणूनच मरणार म्हणते, मला ते पटतं. मुलाला हवंय, तेही पटतं.

म्हणून माझं उत्तर असं: इथे जन्मलेल्या प्रत्येकाला, १९८७ च्या आधीचा असो की नंतरचा, मागितलं की नागरिकत्व द्या, वसाहत सोडायची अट काढून टाका, आणि ज्याला नको असेल त्याला आरसीवर निवांत राहू द्या. म्हणजे त्या घरात आई तिबेटी, मुलगी आणि मुलगा भारतीय, आणि तिघंही एकाच छपराखाली.