तीस विरुद्ध तीस आणि एक घोडा

रविवार, रात्रीचे पावणेबारा

टेबलावर बाहुल्या मांडून मोठी लढाई खेळायची हौस गेल्या वर्षीच फिटली. दोनशे सैनिक रंगवायला काढले होते, त्यातले निम्मे अजून करड्या प्लास्टिकचेच पडलेत. म्हणून यावेळी मुद्दाम छोटी शोधली. २६ मार्च १३५१, आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीत जोस्लँ आणि प्लोएर्मेल या दोन गावांच्या मधोमध एका ओकच्या झाडापाशी तीस विरुद्ध तीस. ब्रिटनीच्या गादीचं भांडण चालू होतं, जोस्लँला फ्रेंचांच्या बाजूचा किल्लेदार बोमान्वार आणि प्लोएर्मेलला इंग्रजांचा बेम्बरो, दोघांनी रीतसर ठरवून माणसं आणली आणि मारामारी केली. नदी नाही, तट नाही, झाड एकच, अर्ध्या डायनिंग टेबलात मावतंय. इंग्रज म्हटलं की आपल्या डोक्यात आधी धनुष्यबाण येतात, तर तेही इथे नाहीत, सगळे पायउतार होऊन तलवारी, भाले, कुऱ्हाडी घेऊन भिडलेले.

मला सगळ्यात आवडलं ते हे की मध्येच सुट्टी झाली! एकीकडचे चार आणि दुसरीकडचे दोन मेल्यावर सगळेच इतके दमले की दोन्ही बाजूंनी ठरवून थांबले, पाणी प्यायले, जखमा बांधल्या आणि पुन्हा सुरू. त्यामुळे नियमात प्रत्येकाला तीन दम दिलेत, वार केला की एक गेला, आणि एकूण सहा बाहुल्या आडव्या झाल्या की सक्तीची सुट्टी, तेव्हा आम्हीपण चहा पिणार.

आज एकट्यानेच दोन्हीकडून खेळून बघितलं तर सुट्टीनंतर गाडी अडली. बेम्बरो पडल्यावर इंग्रज खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि ती भिंत फासे टाकून टाकून हात दुखले तरी फुटत नाही. खरं तर तेव्हाही तसंच झालेलं. मग माँतोबाँ नावाचा गडी रिंगणातून बाहेर निघाला, त्याच्याच लोकांना वाटलं पळाला, त्या काळच्या काव्यात तर बोमान्वार त्याला चांगलंच सुनावतो, आणि हा घोड्यावर बसून परत आला तो थेट त्या भिंतीत घुसला.

आता हे टेबलावर आणायचं कसं? मित्र इंग्रज खेळणार, त्याला घोडा आधीच सांगितला तर तो भालेवाले त्याच कोपऱ्यात लावून बसेल, नाही सांगितला तर ती चीटिंग. शेवटी चिठ्ठी ठेवली. सुट्टीनंतर फ्रेंचांचा एक माणूस दोन डाव बाहेर जाऊ शकतो, चिठ्ठीत आधीच लिहायचं की पाणी पिऊन पायीच येणार की घोड्यावर, आणि तो बाहेर असेपर्यंत आपल्याच लोकांचा धीर टिकतो का त्यासाठी फासा टाकायचा. हा शेवटचा भाग मला स्वतःला फार आवडलाय, कारण खरी भीती तिथेच होती.

नियम मित्राला पाठवले. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "म्हणजे तू घोडाच लिहिणार."

काय बोलणार यावर. घोड्याच्या शेपटीला दुसरा हात मारून खिडकीत वाळत ठेवलाय.