तंगूस, गेटपास आणि चारचं भाषण

फेब्रुवारी लागला की आमच्या कला मंडळात चित्रप्रदर्शनाची तयारी सुरू होते आणि पहिला प्रश्न निघतो, "मागच्या वर्षीचा तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, उरलाय का?" आमच्या संशोधन संस्थेत भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही. म्हणून ग्रंथालयापुढच्या लांब व्हरांड्यात आडवा पाइप बांधायचा, त्यावरून तंगूस सोडायचा आणि चित्रं टांगायची, ही युक्ती वर्कशॉपवाल्यांनी काढली. तीच आजवर चालू आहे. प्रत्येक चित्राचा गेटपास वेगळा. आत येताना फाटकावर नोंद, बाहेर जाताना पुन्हा मोजणी. बाहेरून येणारे चित्रकार आधी वैतागतात. मग सुरक्षा विभागातले दादा स्वतः एक कड धरून कॅनव्हास वर आणतात, तेव्हा निवळतात.

"इथे चित्रांचं काय काम?" हा प्रश्न मी ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून कितीतरी वेळा ऐकला. त्यावर मी डॉ. होमी भाभांचं नाव घेते. कुलाब्याची टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था बांधताना इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी मिळावा म्हणून त्यांनी थेट पंडित नेहरूंची संमती मिळवली. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'भारत भाग्य विधाता' हे भित्तिचित्र तिथे आजही आहे. गायतोंडे, आरा, हेब्बर यांची चित्रं शास्त्रज्ञांच्या रोजच्या वाटेवर लागली. भाभा स्वतः चित्रं काढत, त्यामुळे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचं आवार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रचलं. तिथल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथल्याच मुलांच्या विज्ञानशोधिकेला, म्हणजे प्रयोग करून बघायच्या केंद्राला, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी मिळाली आणि त्या वास्तूचं नाव ठेवलं 'पुलस्त्य'. आम्ही त्याच वाटेने चाललोय, याचा मला फार अभिमान आहे.

आमचा कार्यक्रम विज्ञान दिनाला जोडून असतो. रामन परिणामाचा शोध लागला तो दिवस, २८ फेब्रुवारी. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, संचालकांचे दोन शब्द हे सगळं होतंच. मी वाट बघत असते ती दुपारी चारची. तेव्हा संस्थेतलाच कुणीतरी आपल्या आवडीच्या चित्रासमोर उभा राहून पाच मिनिटं बोलतो. प्राध्यापकच हवा असं काही नाही.

एका वर्षी ग्लासब्लोइंगचे, म्हणजे प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं घडवणारे, काका बोलले. घाटातल्या पावसाचं एक जलरंगातलं चित्र त्यांनी निवडलं होतं. बोलायला येताना सोबत काचेचा एक वाकडा फ्लास्क आणि काचेतला ताण दाखवणारं उपकरण, पोलॅरिस्कोप, घेऊन आले. फ्लास्क त्या पोलॅरिस्कोपमध्ये धरला तर काचेत निळे, पिवळे, जांभळे पट्टे उमटले. "हा काचेतला ताण. हे रंग दिसले की मी फ्लास्क परत भट्टीत टाकतो, पाचशे साठ अंशांच्या आसपास ठेवतो, मग हळूहळू गार करतो. रंग गेले की काम झालं." मग चित्राकडे वळून म्हणाले, "यांना मात्र रंग ठेवायचेत. आणि बघा, पाण्यावर उजेड पडलाय तिथे यांनी रंगच लावलेला नाही, कोरा कागद सोडलाय. एवढं थांबता यायला हात किती तयार लागत असेल!" चित्रकार बाई मागे उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले. माझेही. जलरंगावर त्याहून नेमकं बोलणं मी अजून ऐकलेलं नाही.

त्या दिवशी व्हरांड्यात विद्यार्थी होते, बाग, कॅन्टीन आणि स्टोअरमधली माणसं होती. वरच्या मजल्यावरचे फारसे कुणी उतरले नाहीत. नेमकं चारलाच तिकडे एक चर्चासत्र ठेवलं होतं. तारीख दोन महिने आधी कळवूनही हे दरवर्षी होतं, आणि मला ते दरवर्षी लागतं. तीस पायऱ्या उतरायला कितीसा वेळ लागतो?

जे येतात आणि राबतात त्यांची नावं इथे छापायची नाहीत असं मंडळात ठरलंय, पण कामं तरी सांगायलाच हवीत. पाइप बांधणारे वर्कशॉपचे दोघे, शिडी देणारं स्थापत्य, स्पॉटलाइटच्या वायरी अंथरणारे इलेक्ट्रिकवाले, बिलं वेळेत काढणाऱ्या लेखा विभागातल्या ताई, टिश्यू पेपरात चित्रं गुंडाळणाऱ्या पीएच.डी.च्या मुली, हॉस्टेलवरून खुर्च्या आणणारी मुलं, सतरंज्या झटकणाऱ्या मावशी, कुंड्या मांडणारे माळीदादा, माइक सांभाळणारा ऑडिटोरियमचा मुलगा, बटाटेवडे आणि चहा वर पाठवणारं कॅन्टीन, चित्रकारांना स्टेशनवरून आणणारे ड्रायव्हर काका. आणि हो, पत्रिका झेरॉक्स करून टेबलाटेबलावर ठेवणारे शिपाईमामा. ते यंदा निवृत्त होतायत, तरी येणार म्हणालेत.

या वर्षी चारला बोलायला कॅन्टीनच्या पोळीवाल्या काकू तयार झाल्यात. चित्र कुठलं निवडलं ते सांगायला तयार नाहीत. वरच्या मजल्यावरच्या सर्वांना मी पत्रिका स्वतः नेऊन दिली आहे, वेळेखाली लाल शाईने रेघ ओढून.